सकाळी फोन, दुपारी पान: कोकणातल्या घरगुती खाणावळीत जेवताना

मालवण, देवबाग, वेंगुर्ला, आचरा, गुहागर, वेळणेश्वर. यातल्या कुठल्याही गावात शिरलात की चिऱ्याच्या गडग्यावर किंवा माडाला ठोकलेल्या पत्र्यावर पाटी दिसते: 'घरगुती जेवण ऑर्डरप्रमाणे मिळेल', आणि खाली मोबाइल नंबर. दुपारी दोनला पोटात कावळे ओरडायला लागले की लोक अशा पाटीपाशी गाडी थांबवतात, आत डोकावतात आणि 'आता काही नाही हो' ऐकून हिरमुसले होऊन हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात जातात. तिथं दुप्पट पैसे देऊन बर्फातली सुरमई खातात आणि कोकणात जेवण महाग झालं म्हणत परततात.

चूक खाणावळीची नसते. त्या घरात दुपारी दोनला कुणासाठीच काही शिजत नसतं. सकाळी जेवढ्या पानांचा निरोप आला तेवढे मासे घेतले, तेवढा नारळ खवला, तेवढा भात टाकला, आणि दीडपर्यंत सगळं संपलं. फ्रीजर भरून माल ठेवायचा नाही आणि उरलेलं संध्याकाळी गरम करून वाढायचं नाही, म्हणून तर ते जेवण ताजं असतं आणि स्वस्तही पडतं. तेव्हा इथं जेवायचं असेल तर या घराच्या घड्याळाप्रमाणे चालायचं, एवढं एकच पथ्य आहे.

फोन आदल्या रात्री करावा. नाहीच जमलं तर सकाळी साडेआठ-नवाच्या आत. कारण साधं आहे. मासेवाली टोपली घेऊन दारावर येते ती नऊ-दहाच्या सुमाराला, किंवा घरातलं कुणीतरी त्याच वेळी बाजारात जातं. त्यानंतर फोन केलात तर घरात आहे त्यातच तुमची सोय लावावी लागते. फोनवर चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: माणसं किती, त्यांत लहान मुलं किती, शाकाहारी किती आणि किती वाजता पोचणार. पाचवी गोष्ट विचारायची असते, सांगायची नसते: 'आज काय मिळेल?' इथं बरेच जण उलट करतात. 'आम्हाला पापलेटच पाहिजे' म्हणून हटून बसतात. समुद्रानं त्या दिवशी पापलेट दिलं नसेल, तर घरच्या बाईला ते बर्फातलं आणावं लागतं, तेही चढ्या भावानं. समोरून 'आज इसवण गावाक नाय, बांगडो आसा ताजो, चलात मां?' असं ऐकू आलं, तर लगेच हो म्हणावं. इसवण म्हणजे सुरमई. जी बाई ती मिळाली नाही असं स्वतःहून सांगते, तिच्या हातचा बांगडा डोळे मिटून खावा.

बांगड्याच्या बाजूनं आणखी एक हिशेब आहे, आणि तो कळला की खाणावळीचं सगळं गणित कळतं. दोन किलोची सुरमई घेतली तर डोकं, शेपूट, पोटातली घाण वजा जाता तिच्या साधारण बारा-चौदा तुकड्या पडतात. तुम्ही तिघेच असाल आणि त्या दिवशी दुसरी ऑर्डर नसेल, तर उरलेल्या दहा तुकड्यांचं त्या घरानं काय करायचं? मग एक तर घरची बाई बाजारातून कापलेल्या तुकड्या आणते, ज्या कधी कापल्या ते सांगता येत नाही, किंवा मोठ्या माशाचा खर्च तुमच्या तीन थाळ्यांवर बसतो. बांगड्याचं तसं नाही. तो माणशी एक-दोन असा मोजून घेता येतो. सौंदाळे, मांदेली, पेडवे, कोळंबी हेही वाट्यावर मिळतात, हवे तेवढेच घेता येतात. त्यामुळे दोघं-तिघं असाल तर बांगडा किंवा छोटी मासळी सांगावी. आठ-दहा जण असाल तर सुरमई खुशाल सांगा. मग अख्खा मासा येतो, तुकड्या तळल्या जातात आणि डोकं आमटीत पडतं. अशा आमटीची चव तीन माणसांच्या आमटीला येत नाही.

रापण लागलेल्या दिवशी गेलात तर नशीबच. पहाटे किनाऱ्यावरून जाळं टाकून सगळा गाव ते ओढतो, आणि त्यात जे लागेल ते थेट वाळूवरून घरात येतं. तारकर्ली-देवबाग भागात, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढतात. फोनवर 'रापणीचं काही गावलं का?' एवढं विचारलं तरी पलीकडच्या माणसाचा आवाज बदलतो.

आता भाव. सध्या शाकाहारी थाळी साधारण १२० ते २०० रुपयांत, बांगडा थाळी २०० ते ३०० मध्ये आणि सुरमई ३५० ते ५०० मध्ये मिळते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि मे महिन्यात यात भर पडते. पापलेटाचा भाव आकारावर असतो, तेव्हा तो जेवायच्या आधीच विचारावा. 'थाळीत काय काय?' हेही आधी विचारावं, त्यात लाजायचं काही नाही. सहसा तळलेला मासा एक नग किंवा एक तुकडी, माशाची आमटी, दोन भाकऱ्या किंवा चपात्या, भात, सोलकढी आणि कांदा-लोणचं असं पान असतं. भात आणि आमटी पुन्हा वाढतात, पण तळलेली तुकडी पुन्हा मागितली तर तिचे पैसे वेगळे. सोलकढीची दुसरी वाटी काही घरी अशीच मिळते, काही घरी तिचे पैसे लावतात. ते लावणं रास्तच आहे. चार माणसांची आमटी आणि सोलकढी मिळून दीड-दोन नारळ सहज जातात, आणि नारळ आता परसातला असला तरी फुकटचा राहिलेला नाही.

भात उकडा (सालीसकट उकडून मग सडलेल्या तांदळाचा) की सुरय (न उकडलेल्या साध्या तांदळाचा), हे विचारलं जातं तेव्हा माझं मत उकड्याच्या बाजूचं. जाड, लालसर, थोडा तोंडात चावावा लागणारा हा भात पहिल्यांदा खाणाऱ्याला कच्चा वाटतो. तो तसाच असतो. आमटी त्याच्यावर घातली तर तो चिकट गोळा होत नाही, दाणा सुटा राहतो आणि रस्सा शोषून घेतो. सवय नसेल तर अर्धा-अर्धा घ्या. उकडा शिजायला वेळ लागतो, त्यामुळे ऐनवेळी दोन माणसं वाढली तर त्यांच्या पानात सुरयच येणार.

सोलकढीवरून घर ओळखावं. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, आणि ताज्या नारळाचं दूध यांची कढी फिकट गुलाबी, किंचित जांभळट दिसते. थोडा वेळ ठेवली की तिच्यात वर दाट आणि खाली पातळ असे थर होतात, ढवळली की पुन्हा एक होते. भडक गुलाबी रंगाची आणि तासभर ठेवूनही अजिबात न फुटणारी कढी दिसली, तर तिच्यात रंग किंवा पावडर आहे असं समजावं. ताक घालून केलेली कढी जिभेला आंबट लागते, पण नारळाचा गोडवा मागून येत नाही. आगळ मुळातच खारट असतं, तेव्हा कढी खारट लागली तर वरून घातलेलं मीठ जास्त झालं किंवा वेंधळेपणानं दोनदा पडलं असं असू शकतं. सांगितलंत तर त्या घरात नारळाचं दूध वाढवून लगेच दुसरी वाटी येते.

बांगड्याच्या आणि पेडव्यांच्या आमटीत तिरफळं असतात. ती चावायची नसतात, काढून पानाच्या कडेला ठेवायची. चावली तर जिभेला मुंग्या आल्यासारखं होतं आणि पुढचे चार घास चव कळत नाही. पण तिरफळ चावलेलं नसताना, तळलेल्या बांगड्याचा पहिलाच घास जिभेला चुरचुरला, मिरीसारखा झोंबला, तर तो मासा तिथंच थांबवावा. बांगडा, कुपा (ट्यूना) यांसारखे मासे पकडल्यावर उन्हात पडून राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं. कितीही तळलं-शिजवलं तरी ते जात नाही. थोड्या वेळानं तोंड लाल होतं, अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात, डोकं दुखतं. ऑर्डर घेऊन सकाळी मासा आणणाऱ्या घरात हे सहसा घडत नाही. जास्त शक्यता असते ती दिवसभर माल उघड्यावर मांडणाऱ्या ठिकाणी. सुरमईची पारख वेगळी. ताज्या तुकडीचं मांस काट्यापासून मोठ्या पाकळ्यांनी सुटतं आणि ओलसर असतं. बर्फात बरेच दिवस राहिलेलं मांस कोरडं पडतं, भुसभुशीत होतं, दातांत धाग्यासारखं अडकतं. रव्याचा थर फार जाड असेल तर तो खरवडून आतली तुकडी किती जाड आहे ते बघावं. चांगल्या घरात रवा आणि तांदळाचं पीठ मिसळून पातळ लावतात, माशाचा रंग आतून दिसतो.

लहान मुलं बरोबर असतील तर सुरमईच बरी, तिच्या मधल्या मोठ्या काट्याशिवाय फारसं काही निवडावं लागत नाही. पेडवे मुलांना देऊ नयेत. मुलांसाठी फिकं वरण किंवा कढी हवी असेल तर ती फोनवरच सांगावी. एका वाटपाच्या आमटीतून ऐनवेळी तिखट काढून घेता येत नाही.

कोंबडी-वड्यांसाठी मात्र आदल्या संध्याकाळचाच फोन. सकाळचा चालत नाही. वड्याचं पीठ तांदूळ, उडीद, चणाडाळ, थोडे गहू, धणे आणि मेथी यांचं जाडसर दळलेलं असतं. ते कोमट पाण्यात भिजवून काही तास मुरावं लागतं, नाहीतर वडा फुगत नाही आणि चिवट होतो. गावठी कोंबडी शिजायला तास-दीड तास घेते, शिवाय ती आधी मिळवावी लागते. दीड किलोच्या कोंबडीत चार-पाच माणसं जेवतात, त्यामुळे दोघांसाठी कुणी अख्खी कोंबडी कापणार नाही. दोघंच असाल तर त्या दिवशी दुसरी कुणाची कोंबडीची ऑर्डर आहे का विचारावं आणि तिच्यात आपली दोन पानं मिसळावीत. वेळही मग त्यांचीच पाळावी. अर्ध्या तासात गावठी कोंबडी तयार झाली, तर ती ब्रॉयलर आहे.

वारांचं भान ठेवलं नाही तर सगळी आखणी फसते. सिंधुदुर्गात कित्येक घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत. काही घरी गुरुवार किंवा शनिवार पाळतात, मार्गशीर्षातले गुरुवार तर बहुतेक ठिकाणी. संकष्टी, एकादशी आहेतच. पाहुण्यांसाठी वेगळ्या चुलीवर मासे करून देणारी घरं आहेत, पण ते गृहीत धरू नये. श्रावणात असंच. गणपतीत खाणावळी बंदच असतात. घरचा माणूस मुंबईहून घरी आलेला असताना परक्याची पानं कोण वाढणार? आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलानं ठरते आणि त्या दिवसांत मालवण-मसुरे-कणकवली पट्ट्यात पाय ठेवायला जागा नसते. आचऱ्यात तर काही वर्षांनी एकदा रामेश्वराच्या कौलानं गावपळण होते, म्हणजे सगळा गाव गुरंढोरं घेऊन वेशीबाहेर राहायला जातो. त्या काळात आचऱ्यात चूल पेटत नाही. तारखा ठरवताना ज्या घरी जेवायचं त्यांनाच विचारलं की हे सगळं कळतं.

१ जून ते ३१ जुलै राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत कुणी ताजी सुरमई म्हणून वाढत असेल, तर ती बर्फातली किंवा बाहेरून आलेली असण्याचीच शक्यता जास्त. पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्यानं मोठ्या मासळीचा नाद सोडावा आणि खाडीतले मासे, कुर्ल्या किंवा सुकं मागावं. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून, कुस्करून, त्यात खवलेला नारळ, कांदा आणि कोकम घालून केलेली किसमूर, सोबत उकड्याची पेज. हे जेवण कुठल्याही मेनूकार्डावर नसतं, कारण घरच्यांना ते पाहुण्याला वाढण्याजोगं वाटत नाही. 'तुम्ही घरात करता तसं सुकं चालेल' असं आपणच सांगावं लागतं. त्याचे पैसेही ते फार लावत नाहीत.

शाकाहारी माणसांनी कोकणात आपली पंचाईत होईल असं समजू नये, फक्त गाव नीट निवडावं. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर, गणपतीपुळे, मालगुंड, आंजर्ले, केळशी या भागात घरगुती शाकाहारी जेवण चांगलं मिळतं. तिथंही हंगाम विचारूनच सांगावं. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूगरांची उसळ आणि कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. चैत्रात आंबेडाळ. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, भारंगी, फोडशी यांसारख्या रानभाज्या. कुळथाची पिठी, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं ही केव्हाही मिळण्यासारखी. ओले काजूगर सोलायला फार वेळ लागतो, चीक हाताला लागून कातडी सोलवटते, म्हणून त्या उसळीचे पन्नास-शंभर रुपये जास्त सांगितले तर घासाघीस करू नये. खाली सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे मागावेत. वाटाणे रात्रभर भिजावे लागतात, तेव्हा इथंही आदल्या दिवशीचाच फोन.

उकडीचे मोदक नगावर असतात आणि संख्या आधी ठरवावी लागते. माणशी दोन-तीन पुरतात. अकरा मोदक खाईन म्हणणाऱ्याचे पाच उरतात. उकड गरम असतानाच मळून मोदक वळावे लागतात आणि पानावर येईपर्यंत ते गरमच राहायला हवेत, म्हणून इथं उशिराला माफी नाही. एक वाजता सांगून अडीचला गेलात तर कड कोरडी पडून मोदक चिरलेला असतो. अंगारकीला आणि संकष्टीला गणपतीपुळ्यात फोनवर हो म्हटलं तरी पंगतीला थांबावं लागतं.

वेळ चुकते ती मुख्यतः रस्त्यात. मुंबई-पुण्याहून पहाटे निघून एक वाजता गुहागरला पोचू असं ठरवून ऑर्डर दिलेली असते, आणि घाटात किंवा हायवेच्या कामात दोन तास जातात. निघायच्या दिवशीचं दुपारचं जेवण शेवटच्या मुक्कामाला ठरवूच नये. ते वाटेत कुठंही उरकावं आणि घरगुती पान दुसऱ्या दिवशी दुपारी. सागरी रस्त्यानं जाणाऱ्यांनी जेटीचा वेळ धरावा: वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते आणि एक फेरी हुकली तर जेवणही थंड होतं. रांगेत उभे असतानाच फोन करून कळवावं. त्यांनी मासा मसाला लावून ठेवलेला असतो, तळायचं फक्त थांबवतात. रेल्वेनं जाणं याबाबतीत सोयीचं. मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सकाळी कुडाळला उतरलात की मालवण तीसेक किलोमीटर राहतं, आणि दुपारचं पान गरमागरम मिळतं.

दहा माणसं सांगून सहाच पोचलात तर दहा पानांचे पैसे द्यावेत. मासा घेतलेला आहे, नारळ फोडलेला आहे. बऱ्याच घरांनी याच अनुभवानं आता अर्धी रक्कम आगाऊ मागायला सुरुवात केली आहे, ती कुरकुर न करता पाठवावी. बाकीचे पैसे रोख ठेवलेले बरे. कित्येक वाड्यांत नेटवर्क अंगणाच्या एका कोपऱ्यातच येतं, आणि जेवून उठल्यावर फोन उंच धरून उभं राहावं लागतं. शंभर-दोनशेच्या नोटा असू द्याव्यात.

पाटी घरगुतीची आणि आत आठ पानी मेनूकार्ड, त्यात पनीर, चायनीज आणि तंदूर असं दिसलं, तर ते हॉटेल आहे. तिथं हॉटेलसारखं जेवावं, वाईट असेलच असं नाही. रिक्षावाल्यानं आपणहून सुचवलेली जागाही सहसा त्यातलीच असते. त्याऐवजी ज्या घरी जेवलात त्यांनाच पुढच्या गावाचं विचारावं. देवबागातल्या वहिनींचं माहेर वेंगुर्ल्याला असतं, नाहीतर आचऱ्याला नणंद दिलेली असते, आणि तीही चार पानं वाढत असते. त्या स्वतः फोन लावून देतात. माणसं किती, तिखट किती चालतं, बांगडा आवडला की नाही, हे सगळं तिकडं आधीच पोचतं. हा फोन रात्री आठच्या आत झाला, तर दुसऱ्या दिवशी वड्याचं पीठ भिजवलेलं असतं.